थीम पार्कची सहल आणि जेवणाचा विचका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थीम पार्कहून परतलेल्या माणसाला "कशी झाली सहल?" म्हणून विचारा. राइड्सबद्दल तो दोन वाक्यं बोलेल, पण जेवणाचा विषय निघाला की थांबायचा नाही. पास्ता गार होता, वेटर गायब होता, टेबल बुक करूनही ताटकळत ठेवलं. आमच्या घरात सहलीची आखणी दर वेळी माझ्याच गळ्यात पडते, त्यामुळे ओळखीतले लोक जाण्याआधी सल्ल्यासाठी आणि आल्यावर चिडचिड ओकायला मलाच फोन करतात. प्रश्न तेच ते असतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे.

एवढे पैसे घेऊनही पार्कातलं जेवण इतकं सुमार का असतं?

दरवेळी असतंच असं नाही. पण दुपारी बारा ते दोन या वेळात ते सुमार व्हायची सगळी तयारी झालेली असते. हिशोब करून बघा. समजा, ३०० खुर्च्यांचं रेस्तराँ आहे आणि एक कुटुंब सरासरी पाऊण तास बसतं. एकही खुर्ची क्षणभर रिकामी राहिली नाही तरी तासाला ४०० माणसं जेवून उठणार. आता पार्कात ३०,००० लोक आहेत आणि त्यातल्या तिसऱ्या हिश्श्याला त्याच दोन तासांत भूक लागते असं धरा. म्हणजे तासाला ५,००० पानं. अशी बारा-तेरा रेस्तराँ एकाच वेळी तुडुंब चालली तरच हे गणित सुटतं.

रांगांचा अभ्यास करणारे याला लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटल यांनी तो १९६१ साली सिद्ध केला. आत किती माणसं आहेत, प्रत्येक जण किती वेळ थांबतो आणि तासाला किती जण येतात, या तीन आकड्यांची एकमेकांशी पक्की गाठ असते, एवढंच तो सांगतो. खुर्च्या एका दिवसात वाढत नाहीत आणि येणाऱ्यांना कुणी अडवू शकत नाही. मग कात्री लागते ती तुमच्या बसण्याच्या वेळेला. ताट झटपट यावं म्हणून पदार्थ आधीच करून ठेवले जातात आणि तुम्ही झटपट उठावं म्हणून न मागता बिल येतं.

शिवाय गिऱ्हाईक कुठे जाणार? फाटकाबाहेर पडायचं, पार्किंग गाठायचं, खाऊन परत यायचं, यात अर्धा दिवस संपतो. शेजारच्या दुकानाशी चुरस नसली की स्वयंपाकघराला धार राहत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

म्हणजे आचाऱ्याचा काहीच दोष नाही?

थोडा असेल. पण तुमच्या ताटातला पदार्थ त्यानं कधी केला, यावर त्याची बरीच चव ठरते. गरम पदार्थ वाढेपर्यंत ठराविक तापमानाच्या वर ठेवणं सुरक्षिततेसाठी गरजेचं असतं. अमेरिकेतल्या नमुना अन्नसंहितेत ही मर्यादा ५७ अंश सेल्सिअस आहे. जंतू वाढू नयेत म्हणून हे बरोबरच आहे. पण भाजलेला मांसाचा तुकडा तासभर त्या उबेत पडून राहिला तर तो आजारी पाडणार नाही, चपलेसारखा मात्र होईल. नियम पाळलेला असतो, जेवण वाया गेलेलं असतं, आणि काउंटरवरच्या पोराला या दोन्हींतलं काहीच माहीत नसतं. सुट्टीच्या हंगामात यातली बरीच मंडळी तात्पुरत्या भरतीची असतात.

मग मागवावं तरी काय?

या प्रश्नाचं उत्तर नीट समजून घेतलंत तर अर्ध्या तक्रारी मिटतील. मेनू हातात आला की "मला काय आवडतं" हे जरा बाजूला ठेवा आणि "हा पदार्थ एक तास उबेत राहिला तर त्याचं काय होईल" असा विचार करा.

रसदार, शिजत राहण्याला हरकत नसलेले पदार्थ तग धरतात. सूप, स्ट्यू, रश्शातल्या शेंगा-कडधान्यं, मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेलं मांस. यांची चव थांबून कधी कधी वाढतेच. उलट पास्ता पाण्यातून काढल्यावरही ओलावा शोषत राहतो आणि फुगतो. तळलेल्या पदार्थाची मुदत तर मिनिटांत मोजायची. फ्राइजच्या आतली वाफ बाहेर यायला बघते, वरचं कुरकुरीत कवच तिनं भिजतं, आणि पाच-सात मिनिटांत त्या माना टाकतात. ट्रेमधल्या फ्राइज मलूल दिसल्या तर "नव्या निघेपर्यंत थांबते" असं सरळ सांगा. गर्दीच्या वेळी पुढचा घाणा तीन-चार मिनिटांत निघतोच, आणि असं म्हटल्यावर माझ्यावर आजवर कुणी डोळे वटारलेले नाहीत.

दुसरी खूण म्हणजे मेनूची लांबी. पाच-सहा पदार्थांचं काउंटर असेल तर प्रत्येक पदार्थ भराभर खपतो, म्हणून ताजा राहतो. चाळीस पदार्थांची चकचकीत पुस्तिका दिसली की समजा, त्यातले पंचवीस फ्रीझरमधून येणार. तिसरी खूण, काहीतरी तुमच्यासमोर भाजलं, लाटलं किंवा कापलं जातंय का? तिथे रांग लांब असली तरी लागा.

घरी हाच पदार्थ खाल्ला असता तर आवडला असता का?

शक्य आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, कानात मोठा आवाज सुरू असताना खाणाऱ्यांना गोड आणि खारट दोन्ही चवी कमी जाणवल्या होत्या. पार्कातल्या रेस्तराँत वर संगीत, बाजूला रोलर कोस्टरवरच्या किंकाळ्या आणि शेजारच्या टेबलावर झोप न झालेलं मूल असतं. त्यात सहा तास उन्हात चाललेले पाय आणि मघाशीच गोल गोल फिरून आलेलं पोट. म्हणून आम्ही आता राइडवरून थेट टेबलावर जात नाही. वीस मिनिटं सावलीत बसतो, पाणी पितो. त्यानं पास्ता सुधारत नाही, पण आपण माणसात येतो.

टेबल आधी बुक केलं होतं, तरी बाहेर उभं केलं. मग बुकिंगला अर्थ काय?

मोठ्या पार्कांतलं बुकिंग बहुतेक वेळा विशिष्ट टेबलाचं नसतं. "या वेळेला या, पुढचं रिकामं होणारं टेबल तुमचं" असा त्याचा अर्थ. आधीचं कुटुंब फोटो काढत बसलं की तुमचा मुहूर्त सरकला.

आमच्या एका सहलीत शेवटच्या रात्रीसाठी मी दोन महिने आधी, पहाटे उठून, बुकिंग मिळवलं होतं. सातची वेळ. आत घेतलं सात पन्नासला. हातात, टेबल तयार झालं की थरथरणारा पेजर दिला होता, तो मी इतका घट्ट धरला होता की तळव्यावर त्याचा चौकोन उमटला. टेबल मिळेपर्यंत धाकटा मेनूकार्डावर गाल टेकून झोपलेला. पास्ता आला, मी काटा खुपसला आणि उचलला, तर अख्खा पास्ता वाटीच्या आकारात वर आला. नवरा म्हणाला, "कापून वाढ."

त्या दिवशी मी चूक काय केली? सातची वेळ घेतली, ही. प्रत्येकाला सातच हवे असतात. तेव्हापासून मी सव्वापाच किंवा साडेआठ घेते. दुपारी असेल तर अकराला किंवा तीनला. भुकेचं वेळापत्रक मोडावं लागतं, मधे काहीतरी खाऊन घ्यावं लागतं, पण टेबल रिकामी असतात, स्वयंपाकघर निवांत असतं आणि वेटरला तुमचा चेहरा आठवतो. सगळ्या युक्त्यांमध्ये ही एकच मला खात्रीनं लागू पडलेली आहे.

बुकिंग रद्द करायचं असेल तर नियम आधी वाचा. काही ठिकाणी ऐनवेळी न आल्यास माणशी दंड कापतात, आणि तो कार्डावर परस्पर लागतो.

जेवणासाठी वाट पाहणं राइडच्या रांगेपेक्षा जास्त का खुपतं?

राइडच्या रांगेत बघायला काहीतरी असतं, रांग वळणं घेत पुढे सरकत असते, आणि किती मिनिटं लागतील त्याची पाटी असते. रेस्तराँच्या दारात यातलं काहीच नसतं. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये वाट पाहण्याच्या मानसशास्त्रावर लिहिताना हेच मांडलं होतं: रिकामा वेळ भरलेल्या वेळापेक्षा लांब वाटतो, किती थांबायचं ते माहीत नसेल तर आणखी लांब वाटतो, आणि का थांबायचं ते कुणी सांगितलं नाही तरीही लांब वाटतो. त्यामुळे "अजून किती?" एवढंच न विचारता "माझ्यापुढे किती कुटुंबं आहेत?" असं विचारा. मिनिटांचा अंदाज लोक गोड करून सांगतात, कुटुंबांची संख्या मोजून सांगतात.

गंमत म्हणजे एक अख्खं थीम पार्क जेवणाच्या रांगेतूनच उभं राहिलं आहे. कॅलिफोर्नियातल्या ब्यूना पार्क या शहरात कॉर्डेलिया नॉट या बाईंनी १९३४ साली आपल्या बेरीच्या शेतावर चिकनचं जेवण विकायला सुरुवात केली. पहिल्या संध्याकाळी आठ माणसं जेवली, तीही बाईंच्या लग्नातल्या चिनी मातीच्या ताटांत. बोलबाला इतका झाला की लोक तासन्‌तास खोळंबायला लागले. त्यांचं मन रमावं म्हणून बाईंचे पती वॉल्टर नॉट यांनी १९४० मध्ये जुन्या पाश्चिमात्य धाटणीचं एक ओसाड गाव उभारायला घेतलं. आजचं नॉट्स बेरी फार्म ते हेच. तिथे आधी जेवण चांगलं होतं आणि मग करमणूक आली. बाकी ठिकाणी उलटा क्रम असतो, आणि तो चवीला लागतो.

देखाव्याचं रेस्तराँ किंवा कार्टूनच्या वेशातल्या पात्रांसोबतचं जेवण घ्यावं का?

घ्या, पण कशाचे पैसे मोजतोय ते स्वतःशी कबूल करून. मुलीच्या लाडक्या पात्रानं टेबलाशी येऊन तिचा पापा घेतला, फोटो झाला, तिनं रात्रभर त्याचीच बडबड केली, तर पैसे वसूल. अंडी रबरासारखी होती, हे खरं असलं तरी तो वेगळा हिशोब. त्या पात्राला बाहेर भेटायला उन्हात तासभर रांग लावावी लागली असती, ती वाचली.

आतषबाजी दिसणारी गच्ची, काचेपलीकडे मासे फिरणारी खोली, यांचंही तेच. मात्र बसण्याआधी विचारा की सगळ्याच टेबलांवरून दिसतं का. आम्हाला एकदा खांबामागचं टेबल मिळालं. मासे दिसत होते, पण शेजारच्या कुटुंबाच्या चष्म्यांत.

असा प्रकार सहलीत एकदाच ठेवावा, असं मी म्हणेन. तीन ठेवलेत तर तिसऱ्या वेळी मुलं पात्राकडे बघतही नाहीत आणि तुम्हाला अंडी मात्र दिसत राहतात.

जेवण खराब निघालं. कुणाला आणि कधी सांगायचं?

दोन घासांनंतर. ताट चाटून-पुसून झाल्यावर "बरं नव्हतं" म्हटलंत तर ऐकणाऱ्याला काय वाटेल, विचार करा. अर्धं खाल्लेल्या ताटाला थोडी सहानुभूती मिळते, जवळजवळ भरलेल्या ताटाला बदली मिळते.

मी वर सांगितलेल्या रात्री काय केलं? काहीच नाही. दमलेली होते, मूल झोपलेलं होतं, वेटरनं "सगळं छान ना?" विचारल्यावर तोंडातून सवयीनं "हो" निघून गेलं. बिल भरलं, टिप दिली, घरी येऊन दोन पानांचं जळजळीत पत्र लिहिलं. उत्तरात गुळगुळीत चार ओळी आल्या: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

दोन वर्षांनी, दुसऱ्या पार्कात, मासा आतून गार निघाला. या वेळी मी हात वर केला आणि हळू आवाजात म्हटलं, "हा आतून गार आहे, हात लावून बघा. नवा आणून द्याल का? मुलांचं आलंय, ती खायला लागतील." आठ मिनिटांत नवं ताट आलं, सोबत मॅनेजरही आला आणि बिलातून तो पदार्थ वजा झाला. मी तो वजा करा म्हटलंही नव्हतं. फरक काय होता? काय बिघडलंय ते एका वाक्यात, काय हवंय ते दुसऱ्या वाक्यात, आणि वेटरवर आवाज चढवला नाही. त्यानं तो मासा भाजलेला नसतो. पण तो आत जाऊन तुमची बाजू कशी मांडेल, हे तुमच्या सुरावर ठरतं.

वेटरकडून काम होईना तर "मॅनेजरशी बोलता येईल का?" एवढंच. तिथेही घोडं अडलं तर बहुतेक मोठ्या पार्कांत प्रवेशद्वाराजवळ पाहुण्यांच्या मदतीचं कार्यालय असतं. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये ते सिटी हॉल नावाच्या इमारतीत आहे. त्याच दिवशी, पावती घेऊन जा. पावतीवर वेळ, टेबल आणि वाढणाऱ्याची नोंद असते, त्यामुळे तुमची गोष्ट पडताळता येते.

वेटर एकदा ऑर्डर घेऊन गेला तो गेलाच. काय करावं?

ऑर्डर देतानाच सगळं मागून घ्या: पाणी, जादा प्लेट, मुलांचं आधी आणा, सॉस बाजूला. चार फेऱ्यांचं काम एका फेरीत आटोपतं. एकेका वेटरकडे गर्दीत इतकी टेबलं असतात की तो मुद्दाम टाळतोय असं वाटलं तरी बऱ्याचदा तो दुसऱ्या कोपऱ्यात अडकलेला असतो. पंधरा मिनिटं कुणी फिरकलं नाही तर दारात टेबलं नेमून देणाऱ्या माणसाकडे उठून जा. बसल्या जागी चडफडून कुणाचं काही बिघडत नाही, आपलंच जेवण कडू होतं.

सेवा वाईट होती, तरी टिप द्यायची?

आधी बिल वाचा. मोठ्या घोळक्याच्या बिलात सेवाशुल्क बऱ्याच ठिकाणी आपोआप धरलेलं असतं आणि लोक वर पुन्हा देतात. टिपची रीत देशागणिक वेगळी आहे, जिथे जाताय तिथली पाळा. स्वयंपाकघराचा राग वेटरच्या टिपवर काढू नये, असं मला वाटतं. उद्धटपणा झाला असेल तर गोष्ट वेगळी, पण मग तो मॅनेजरच्याही कानावर घाला. नुसती टिप कापली तर तुम्ही विसरलात असं वाटतं.

मोबाइलवरून ऑर्डर दिली तर त्रास वाचतो का?

रांगेचा वाचतो. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये २०१७ साली ॲनिमल किंगडम या पार्कातल्या एका काउंटरपासून याची सुरुवात झाली आणि आता मोठ्या पार्कांत ते सर्रास झालं आहे. पण गर्दी तीच आहे, फक्त ती आता पायांऐवजी फोनमध्ये उभी असते. साडेबाराला ॲप उघडलंत तर दीडची वेळ मिळेल. सकाळी आत शिरल्याशिरल्या दुपारची वेळ धरून ठेवा, आणि काउंटरजवळ पोचल्यावरच "आलो आहे" हे बटण दाबा. आधी दाबलंत तर ताट तुमच्या आधी येऊन गार होत बसतं, आणि तो दोष तुमचाच. फोनची बॅटरी दुपारपर्यंत टिकेल याची सोय ठेवा.

जेवणाचं पॅकेज आधीच घ्यावं का?

तुमच्या घरातली माणसं खरंच किती खातात ते कागदावर मांडा. पॅकेज फायद्याचं ठरतं ते रोज पोटभर, गोडासकट, ठरल्या वेळी जेवणाऱ्यांना. उन्हात भूक मरते, मुलं अर्ध्या पिझ्झावर उठतात, आणि मग "पैसे भरलेत, खा" असं दरडावायची वेळ येते. शेवटच्या दिवशी उरलेली कूपनं संपवायला दुकानातून बिस्किटांचे पुडे उचलणारी कुटुंबं मी बघितली आहेत. त्यांत आमचंही एक होतं.

ॲलर्जी असेल तर भरवसा ठेवावा का?

ठेवावा, पण तोंडी आश्वासनावर नाही. युरोपीय संघात २०१४ च्या डिसेंबरपासून १४ प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती सुट्या, वाढलेल्या अन्नाबाबतही द्यावी लागते. अमेरिकेत पाकिटबंद पदार्थांवर ९ घटक स्पष्ट लिहावे लागतात, २०२३ पासून तीळ त्यात आला. रेस्तराँत मात्र तेवढी हमी नसते. बुकिंग करतानाच लिहून कळवा, टेबलावर पुन्हा सांगा, आणि ताट आल्यावर तिसऱ्यांदा विचारा. "ही फ्राइज ज्या तेलात तळली त्यातच इतर काही तळतात का?" हा प्रश्न हमखास विचारायचा, कारण पदार्थाच्या यादीत तो घटक नसतो आणि तेलात असतो. "बहुधा चालेल" असं उत्तर आलं तर ते "नाही" असं समजा. काही मोठ्या पार्कांत मुख्य आचारी स्वतः टेबलाशी येऊन बोलतात, मागा म्हणजे येतात. ही गोष्ट ते मनापासून करतात, त्याचं श्रेय द्यायला हवं.

पोट बिघडलं. शेवटचं जेवण जिथे झालं त्यांनाच धरायचं ना?

घाई नको. काही जंतूंनी तयार केलेल्या विषाचा परिणाम अर्ध्या तासापासून आठ तासांत दिसतो, पण उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूला साधारण १२ ते ४८ तास लागतात आणि साल्मोनेला या जिवाणूला सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत. म्हणजे आज उलट्या होताहेत त्याचं मूळ परवाच्या जेवणात, किंवा राइडच्या दांडीला लागलेल्या हातांत असू शकतं. नोरोव्हायरसवर हातांना लावायचं जेल फारसं चालत नाही, साबण-पाण्यानंच हात धुवा. गेल्या तीन दिवसांत कुणी काय खाल्लं ते लिहून काढा, पावत्या जपा. ताप, रक्त, किंवा मूल पाणीही ठेवत नसेल तर पार्कातलं प्रथमोपचार केंद्र गाठा. भांडण नंतर.

मुलं काहीच खात नाहीत. वेगळं काही मिळतं का?

मुलांच्या मेनूत तेच चार तळलेले पदार्थ असतात. मोठ्यांच्या ताटातल्या बाजूच्या भाज्या, भात, फळं सुटी मागितली तर बहुतेक ठिकाणी देतात, मेनूत लिहिलेलं नसलं तरी. दोन मुलांत मोठ्यांचं एक ताट घेतलं तर बहुधा अन्नही चांगलं मिळतं आणि वायाही कमी जातं.

बाहेरचं खाणं आत नेऊ देतात का?

पार्कागणिक नियम वेगळे. कुठे किरकोळ खाऊ चालतो, कुठे फाटकावरच काढून ठेवतात. तान्ह्या बाळाचं अन्न आणि वैद्यकीय कारणासाठीचं अन्न सहसा अडवत नाहीत. पार्कच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी बघा, कारण मागच्या वर्षी गेलेल्या मावसभावाला जे चाललं ते तुम्हाला चालेलच असं नाही.

परत आल्यावर तक्रार करून काही होतं का?

एकट्याच्या पत्रानं ताट बदलत नाही, हे मी अनुभवलं. पण पुष्कळांनी एकच गोष्ट सांगितली तर बदलतं. पॅरिसजवळचं डिस्नेचं पार्क १२ एप्रिल १९९२ रोजी उघडलं तेव्हा आत मद्य मिळत नव्हतं. जेवणाबरोबर वाइन नाही, हे फ्रेंच पाहुण्यांच्या पचनी पडेना. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, नियम सैल करावा लागला.

लिहायचं असेल तर दहा ओळींत लिहा. तारीख, वेळ, पावतीचा क्रमांक, काय घडलं, तेव्हा कुणाला सांगितलं, आता काय अपेक्षा आहे. "आमच्या सहलीचा सत्यानाश झाला" हे वाक्य गाळा; ते सगळेच लिहितात. बँकेकडून पैसे परत मिळवायचा मार्ग चुकीच्या रकमेसाठी किंवा न मिळालेल्या सेवेसाठी आहे. चव आवडली नाही म्हणून तो वापरायला गेलात तर सहसा हात हलवत परत याल.

रिव्ह्यू वाचून रेस्तराँ निवडावं का?

वाचा, पण तारे मोजू नका. एक तारा देणाऱ्यानं किती वाजता जेवण केलं ते शोधा. रविवारी दुपारी एक वाजताची तक्रार त्या वेळेबद्दल सांगते, रेस्तराँबद्दल कमी. मधले, तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू सगळ्यात कामाचे. ते शांत डोक्यानं लिहिलेले असतात. आणि वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळ्या लोकांनी एकच पदार्थ वाखाणला असेल तर डोळे मिटून तो मागवा.

मोठं जेवण शेवटच्या रात्री ठेवलं तर चांगलं नाही का?

नको. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये थंडगार पाण्यात हात बुडवायला लावणारा एक प्रयोग केला होता. त्रास एकूण किती वेळ झाला यापेक्षा तो सर्वात तीव्र कधी होता आणि शेवटी कसा होता, यावर लोकांची आठवण ठरली. शेवटच्या रात्री सगळे दमलेले असतात, बॅगा भरायच्या असतात, आणि नेमका तेव्हाच तो वाटीच्या आकाराचा पास्ता येतो. आमच्या त्या सहलीतले चार दिवस झकास गेले होते. पण घरात आजही कुणी तिचं नाव काढलं की धाकटा म्हणतो, "कापून वाढ." तो तर तेव्हा झोपलेला होता!

आता मोठं जेवण दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला असतं. शेवटच्या संध्याकाळी बाकावर बसून आइसक्रीम. ते बिघडवणं अवघड आहे.

पाणी विकतच घ्यावं लागतं का?

सहसा नाही. रिकामी बाटली बरोबर न्या, भरायचे नळ नकाशावर दाखवलेले असतात. पेयं विकणाऱ्या काउंटरवर साधं पाणी मागितलं तर बऱ्याच पार्कांत पेला भरून देतात, पण पाटी नसते, मागावं लागतं. १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडलं त्या दिवशी प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ पुरेसे बसवता आले नव्हते. नळ की शौचालयं, असा प्रश्न पडला आणि शौचालयं निवडली गेली. त्या उकाड्यात लोकांना वाटलं, पेयं खपवायला मुद्दाम केलंय. तशी शंका तुम्हालाही आली तर आधी नकाशा उलटा करून बघा, नळांची खूण बहुधा मागच्या बाजूला असते.